ढेरीचा डबा

आमचे हे कॅप्टन. म्हणजे लोक म्हणतात. आयुष्यभर केलं काय, तर पिकांवर औषध फवारायचं छोटं विमान चालवलं. झाडांच्या शेंड्यांना चाटून विमान नेणारा माणूस, पण घरात चहाचा कप बशीवर धड ठेवता येत नाही. रिटायर झाले तेव्हा म्हटलं, चला, आता दोन घटका घरात बसून बोलतील. कसलं काय! गावाबाहेरच्या धावपट्टीवर तीन रिकामटेकडे पायलट जमले आणि यांनी तिथे बिनपगारी नोकरी धरली.

डोंगरापलीकडे लहान मुलांचं एक हॉस्पिटल आहे. दरड कोसळून तिकडचा रस्ता गेला, तो गेलाच. दुरुस्ती चालू आहे म्हणतात. कुठे चालू आहे ते त्यांनाच ठाऊक. तिथल्या आजारी तान्ह्या बाळांना साधं दूध पचत नाही, डब्यातली पावडरच लागते. लोक डबे देतात, आम्ही बायका खोकी भरतो आणि हे नेऊन पोचवतात. तिथली धावपट्टी डोंगराच्या कडेला कशीबशी चिकटलेली. उतरायचं ते पहिल्याच झटक्यात, चुकलं तर समोर कडा. बाकीचे तिघे दुसऱ्या गावांना जातात. इथे उतरावं ते यांनीच.

विमान एवढंसं, म्हणून सगळं तोलून चढवायचं, पायलटसकट. काटा भंगारवाल्याचा आणि सगळ्यात मोठं तोंडही त्याचंच. एकदा यांना काट्यावर उभं करून ओरडला, "कॅप्टन, ही ढेरी घरी ठेवून या की! हिच्या जागी डबे जातील!" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. हेही हसले. घरी आले आणि जेवताना ताट अर्ध्यातच सरकवलं.

"अहो, साठी उलटल्यावर सडपातळ होऊन कुणाला दाखवायचंय?" मी म्हटलं.

"बाळांना," म्हणाले.

झालं! तळलेलं बंद, गोड बंद, माझ्याशी भांडण तेवढं चालू. काटा जरा उतरला की भंगारवाला एक डबा हवेत नाचवायचा, "हा बघा ढेरीचा डबा!" आणि यांच्या सीटमागे खोचायचा. तिकडच्या सिस्टरही फोनवर आधी तेच विचारायच्या, "आज ढेरीचे किती?" मला कोण अभिमान! यांच्या पँटी कमरेत आत घेऊन देत होते आणि शेजारणींना सांगत होते, बघा, आमचे हे कसे तरणेताठे दिसायला लागलेत.

मग गालफडं बसली. म्हटलं, पुरे झाली थेरं. बळेबळे वाढायला लागले, आणि हेही मुकाट्याने खायला लागले. तरी काटा खालीच. भंगारवाल्याने काटा हलवून पाहिला, स्वतः उभा राहून पाहिला. काटा बरोबर होता.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, ढेरी तर केव्हाच संपली. मग हे डबे कशातले?"

दुसऱ्याच दिवशी यांना ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" मी शहाणी सांगायला गेले, "उतरत नाही हो, उतरवलंय." त्यांनी रिपोर्टमधून मान वर केली नाही. पोटात गाठ निघाली, पसरलेली. त्या दिवसापासून विमान बंद.

इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडले, सोडा ते विमान. आता सुटलं तर मलाच ते परत हवंय. सांगू कुणाला? त्या तिघांपैकी एकाने जाऊन पाहिलं. कड्याजवळ घिरट्या घातल्या आणि बिचारा घामाघूम होऊन खोक्यांसकट परत आला. त्याला तरी कुठल्या तोंडाने बोलायचं, त्यालाही लेकरं आहेत. चालत जाणारे पाठीवरून थोडे डबे नेतात, पण ते किती पुरणार? सिस्टरचा फोन येतो. ढेरीचे किती, असं आता विचारत नाहीत. "शेवटचं खोकं फोडलंय हो," एवढंच. हे उशीला टेकून म्हणतात, "येतो सिस्टर, जरा बरं वाटू दे." मी तिथेच उभी असते. माझ्या तोंडाचा पट्टा जन्मात कधी थांबला नाही, पण इथे काय बोलू? खोटं बोलू नका म्हणू, की निघा म्हणू?

काल हट्टच धरला, मला धावपट्टीवरच्या शेडमध्ये न्या. नेलं. खोकी पार छताला टेकलेली, विमानावर धूळ. हे माझा हात सोडून सवयीने काट्यावर चढले. भंगारवाल्याने आकडा पाहिला आणि तोंड फिरवलं.

"वाच की रे," हे म्हणाले.

तो वाचेना. मग यांनीच वाकून पाहिलं आणि, शपथ सांगते, चेहरा खुलला यांचा.

"अगं, आता तर अख्खं खोकं बसेल!"

"बसेल हो," मी म्हटलं.

भंगारवाल्याने खोकं उचललं, विमानात सीटमागे नेऊन ठेवलं आणि दार लावून घेतलं. मग आम्ही दोघांनी धरून यांना काट्यावरून खाली उतरवलं.