माहेरच्या बांगड्या

परदेशातून मूल दत्तक घ्यायला येणाऱ्या जोडप्यांसोबत मी दुभाषी म्हणून फिरते. गाडी नेहमी त्याच एका ड्रायव्हरची. पाहुण्यांना मराठी येत नाही हे त्याला मान्यच नाही. त्यांना कळलं नाही की तेच वाक्य तो आणखी मोठ्यानं म्हणतो. माझं डोकं उठतं.

परवा नवे आईबाप आणि त्यांची चार वर्षांची लेक यांना जिल्हा दाखवायला निघालो. बघायचं होतं जुनं देऊळ, पण यानं गाडी ताडकळसच्या बाजारात थांबवली आणि पोरीला उचलून थेट कासाराकडे नेलं.

“लेक लय लांब चालली. मोकळ्या हातानं वाटं लावावी का?”

हिरव्या बांगड्यांनी इवली मनगटं भरली. पोरगी हात हलवून आवाज ऐकत बसली. बापानं पाकीट काढलं, तसा हा ओरडला, “ठिवा ते! म्हायेरच्या बांगड्याला सासरचा पैसा चालत न्हाई!”

सासर! आणि हे कुणाला, तर आईबापांना! मी चूक सुधारायला तोंड उघडलं, पण पोरीकडे बघून मिटलं.

“हा तिचा कोण लागतो?” आईनं मला हळूच विचारलं.

इतक्या वर्षांत मी पाहुण्यांना एक शब्द खोटा सांगितला नव्हता.

“सख्खा मामा,” मी म्हटलं.