लतिका घ्यायची तेवढेच

गणपती जवळ आले की साधनाकाकूंचा फोन गरम व्हायचा. अल मनखूलच्या फ्लॅटमधून त्या दुबईपासून खोर फक्कानपर्यंतच्या मराठी घरांना एकेक करून फोन लावायच्या, मोदकांच्या ऑर्डरी घ्यायच्या. ऑर्डर यायची अगदी शेवटी. आधी कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाची बदली झाली, सगळं सगळं. रास अल खैमाच्या लतिकावहिनींचा फोन तर संपायचाच नाही, इकडे कुकर ओरडून ओरडून दमायचा. काय दिवस होते ते!

यंदा काकूंचा घसा बसला, म्हणून कॉलेजात जाणाऱ्या वेदांगने आईचं सगळं काम ईमेलवर टाकलं. मेलमध्ये 'मोदक हवेत' अशी लिंक. दाबली की पुढचा मेल आपोआप जाणार, त्यातल्या फॉर्मात भरायचं, किती हवेत, कधी हवेत. नाही दाबली तर आठवड्याने शेवटचा मेल, तुमचं नाव यादीतून काढतोय.

"खलास, आई. तू फक्त मोदक कर."

मेल सुटला आणि मिनिटभरात धडाधड क्लिक. काकू खूश. नारळ आले, पिठी आली. पण पुढच्या मेलमधले फॉर्म भरून आले ते अगदी मोजके. न राहवून त्यांनी एकदोघींना फोन केला, तर त्या म्हणाल्या, अहो, आम्ही मेल उघडलासुद्धा नाही. वेदांगने शोधलं तेव्हा कळलं, ऑफिसच्या पत्त्यावर मेल गेला की त्यातल्या लिंका तिथलं सिक्युरिटीचं मशीनच आधी उघडून तपासतं. म्हणजे क्लिक करत होतं मशीन, माणसं नाहीत.

आणि क्लिक न केलेल्यांत मुरलीधरभाऊजी. लतिकावहिनींचे मिस्टर. वहिनी याच वर्षी गेल्या. भाऊजींना तो शेवटचा मेलही जाऊन पोचला होता. काकूंना वाटलं, बरोबर आहे, आता त्या घरात मोदक कोणासाठी. असं वाटलं खरं, पण त्या दिवशी जेवण काही गेलं नाही.

"वेदांग, त्यांनी काहीच कळवलं नाही?"

"नो क्लिक, आई."

"क्लिक नाही रे. काही लिहिलंय का त्यांनी?"

मग त्याने, ज्या पत्त्यावरून मेल जात होते त्याचा इनबॉक्स पहिल्यांदा उघडला. उत्तर होतं. पहिल्याच दिवशीचं. 'वहिनी, लतिका घ्यायची तेवढेच द्या. मला आकडा माहीत नाही.'

वेदांग हळूच म्हणाला, "सिस्टिमला रिप्लाय कळत नाही. ओन्ली क्लिक."

काकूंनी बसक्या आवाजातच फोन लावला. भाऊजी म्हणाले, "नाव काढलंत ना, वहिनी? मला वाटलं, लतिका गेली, आता आपला काय संबंध."

"ते मशीनने काढलं, भाऊजी. मी कशी काढीन? एकवीस घ्यायच्या त्या. आणि पाच केशरवाले."

"हां, ते केशराचे माझे. तुम्ही माझ्यासाठी स्पेशल करता, असं लतिका सांगायची."

काकूंना आठवलं. वहिनी दरवर्षी आवाज बारीक करून सांगायच्या, साधना, यांना शुगर आहे गं, पाचांत गूळ अगदी नावाला घाल. ओळखायला वर केशराची काडी लाव. आणि यांना कळू देऊ नकोस, रुसून बसतील.

"हो," काकू म्हणाल्या, "स्पेशलच असतात ते."

फोन मात्र ठेवला नाही. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची बदली झाली, सांगत बसल्या. आत कुकर ओरडायला लागला. वेदांग उठला आणि गॅस बंद करून आला.