सोलापुरातली सर्वांत शांत शाळा

माझ्या नातवासाठी मी शाळा निवडली ती कानांनी. माणसं शाळेचा निकाल बघतात, शिक्षक बघतात, संडास बघतात. मी फाटकाशी उभी राहून डोळे मिटायची आणि ऐकायची. जिथं काहीच ऐकू आलं नाही, ती शाळा मी पक्की केली. तेव्हा मी नुकती साठीची झाले होते, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता.

आमचं घर पेठेत. खाली टॉवेलचे यंत्रमाग, वर आम्ही. सकाळी माग सुरू झाले की मांडणीवरची भांडी आपोआप सरकायला लागतात. आमच्या घरात कुणी हळू बोललं, की आम्ही त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतो. अशा घरात दोन नातवंडं. थोरली सई तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्या शाळेची तक्रार, की ही बोलते. धाकटा रुद्र चार वर्षांचा, आणि त्याच्या बालवाडीची तक्रार, की हा बोलत नाही. (दोघांची बेरीज करून दोननं भागलं असतं, तर कुठल्याही शाळेनं ओवाळून आत घेतलं असतं.)

रुद्रला थोडी स्वमग्नता आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्याला शब्द सापडतील, पण वेळ लागेल. नव्या गोष्टी त्याच्या एकदम अंगावर येतात. तेव्हा समजून घेणारी शाळा बघा. इतकं सगळं त्या बोलल्या, त्यातलं 'अंगावर येतात' एवढंच मी उचललं. घरी येऊन निकाल दिला, की पोराच्या अंगावर येतात ते आपले माग! या खटाखटीनंच पोर बावरलंय. त्याला शांतता पाहिजे.

खरं तर उलटा पुरावा दर आठवड्याला माझ्यासमोर बसून रडत होता. मागांना सुट्टी असली की रुद्र दिवसभर किरकिर करायचा. पण सुट्टीच्याच दिवशी शेजारच्या शकुंतलाबाई चहाला यायच्या, म्हणून मी ठरवलं की त्यांची नजर लागते. त्या गेल्या की मिरच्या-मीठ ओवाळून टाकायची. शेवटी शेवटी तर त्या यायच्या आधीच ओवाळायला लागले. बिचाऱ्या बाईंनी येणंच बंद केलं. रुद्रचं रडणं चालूच राहिलं, तर मी म्हटलं, बघा, लांबून पण लागती!

दोन बालवाड्यांनी रुद्रला परत पाठवलं होतं. सून अश्विनी पतसंस्थेत कामाला. दर वेळी काम टाकून धावत जायची, रडणारं पोर कडेवर घेऊन यायची आणि डोळे पुसून पुन्हा कामावर जायची. एक दिवस जेवताना तिनं शांतपणे सांगितलं, "आत्या, आता ही शेवटची शाळा. हितं जमलं न्हाय तर मी दोघांना घेऊन पुण्याला जाते. ताईच्या घराजवळ तसली शाळा हाय." (आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.)

मुलगा महेश ताटाकडं बघत राहिला. माग काही पुण्याला नेता येत नाहीत. आमच्या ह्यांनी रिकामी वाटी तोंडाला लावली. मी मात्र मोठ्या तोऱ्यात 'जा की' म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन मीठ घातलेल्या आमटीत पुन्हा मीठ घातलं. नातवंडं नसलेलं घर कसं असतं, ते मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. म्हणून त्या शेवटच्या शाळेची निवड मी माझ्या हातात घेतली. म्हणजे कानात.

ती शाळा गावाबाहेर होती. आत गालिचे. चपला बाहेर काढून सगळ्यांनी पायमोज्यांवर चालायचं. घंटा नाही, त्याऐवजी भिंतीवर एक दिवा लागायचा. मुख्याध्यापिका मॅडम इतक्या हळू बोलायच्या की पहिल्या भेटीत मी त्यांच्या ओठांकडं बघून अंदाजानं मान हलवली. कशाकशाला हो म्हणाले, देव जाणे. बाहेर आल्यावर मी अश्विनीला म्हणाले, "ह्याला म्हणत्यात शाळा."

पहिल्या दिवशी रुद्र त्या गालिच्यावर पाय ठेवून जो ओरडला, तो सुटेपर्यंत ओरडला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मॅडम काहीतरी पुटपुटल्या. अश्विनीनं मला सांगितलं, की आठवडाभर बघू म्हणतायत. घरच्या कुणीतरी बाहेर बाकावर बसायचं, म्हणून मी बसायला लागले. रुद्रचं रडणं ऐकत तिथं बसणं म्हणजे काय, ते मी विनोदी करून सांगू शकत नाही.

चौथ्या दिवशी त्याला घेऊन घरी आले तर पेठेत वीज गेलेली. माग बंद. पोर दारातच बसलं आणि पुन्हा सुरू झालं. मी खेळणी दिली, गूळ दिला, मिरच्या ओवाळल्या. काही उपयोग नाही. तेवढ्यात वीज आली. खाली खटाखट सुरू झाली. आणि रुद्र गप्प झाला. उठला, आत आला, फरशीला गाल लावून पालथा पडला आणि पायांनी ताल धरला.

तेव्हा कुठं मला कळलं. जन्मल्यापासून ज्या आवाजात हे पोर झोपलं, जेवलं, रांगलं, तो आवाज काढून घेऊन मी त्याला सोलापुरातल्या सर्वांत शांत जागी नेऊन बसवलं होतं!

शहाण्या बाईनं त्याच क्षणी सुनेला फोन करून सांगितलं असतं, की माझं चुकलं. मी काय केलं? मी विचार केला, चूक कबूल न करता दुरुस्त करता आली तर बरं. मोबाइल घेतला, खाली गेले आणि मागांचा आवाज भरून घेतला. चांगला अर्धा तास. वर येऊन थोडा ऐकून पाहिला. झकास खटाखट! दुसऱ्या दिवशी आवाज बारीक करून, पुन्हा पुन्हा वाजत राहील असा लावून, तो मोबाइल रुद्रच्या दप्तरात टाकला.

आणि काय सांगू, जमलं की! रुद्र दप्तर पोटाशी धरून, त्याला कान लावून गालिच्यावर बसला. रडणं नाही, ओरडणं नाही. ठोकळे पुढं ठेवले तर एकावर एक रचले. त्याच्या वर्गाच्या बाई बाहेर येऊन माझ्या कानात कुजबुजल्या, की आज कमालच झाली, तुम्ही काय केलंत? मी पदर सावरून म्हणाले, घरचं वळण. त्यांनी मला आत बसायला खुर्ची दिली. त्या खुर्चीवर मी अशी बसले, जसं काही ती शाळा मीच काढलेली.

थोड्या वेळानं भिंतीवरचा दिवा लागला. मौनाचा तास! सगळ्या शाळेची मुलं डोळे मिटून बसली. नेमक्या त्याच वेळी मॅडम काही नवीन पालकांना शाळा दाखवायला घेऊन आल्या. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्यात बारीक खट-खट, खट-खट. पालकांनी पंख्याकडं बघितलं. आणि मग दप्तरातून एक बाई ओरडली.

आता इथं एक सांगायला पाहिजे. मागांच्या कारखान्यात कुणी बोलत नाही, ओरडतात. नाहीतर ऐकूच जात नाही. मी आवाज भरत होते तेव्हा आमचा सिद्राम जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, जवळ आला होता. काकू, शाळा कशी हाय, असं त्यानं विचारलं होतं. आणि मी त्याला, फोन चालू ठेवून, सविस्तर उत्तर दिलं होतं. ते मी विसरले होते. मोबाइल विसरला नव्हता.

"शाळा कसली, नुसता मोज्यांचा वास रं!" दप्तर म्हणालं. "आन् ती मॅडम! तिनं आज कोथिंबीर मागितली, तर भाजीवालीला उद्या ऐकू जाईल!"

क्षणभर मला आवाज ओळखू आला नाही. मग फारच ओळखू आला. मुलांनी डोळे उघडले. एका पालकानं नकळत आपल्या मोज्यांकडं बघितलं. मॅडम जागच्या जागी उभ्या. सिद्राम हसत होता, मी आणखी पुढं बोलत होते, आणि सगळे शोधत होते की ही बाई आहे तरी कुठं. तेव्हा रुद्रनं डोकं वर केलं, बोट माझ्याकडं दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आज्जी."

त्या शाळेत त्यानं उच्चारलेला हा पहिला शब्द. आणि शेवटचा.

मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्या रागावल्या की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण ऐकूच आलं नाही. मी लाजेनं नुसती मान हलवत राहिले. अश्विनी स्कूटर दामटत आली तेव्हा कळलं, की मी रुद्रचं नाव काढून घ्यायला होकार दिला होता.

मग मी तिला सगळं सांगितलं. माग, वीज, मोबाइल, कोथिंबीर. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती शाळेच्या पायरीवर बसून बूट घालणाऱ्या रुद्रकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ताईला आज फोन करते." एवढं बोलून कामावर गेली.

मी रुद्रला घेऊन रिक्षात बसले. रिक्षा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून निघाली. दोन्ही बाजूंनी टॉवेलचे कारखाने, खटाखट. रुद्र आनंदानं बसल्या जागी उड्या मारायला लागला. एका ठिकाणी रिक्षा वळणावर हळू झाली, तर हा सरळ उतरून पळाला! मी मागून, रिक्षावाला माझ्या मागून. कारखान्याला लागून एक पत्र्याची खोली होती, बाहेर छोट्या चपलांचा ढीग. कामगारांच्या मुलांची बालवाडी. रुद्र आत घुसला, कारखान्याच्या बाजूच्या भिंतीला कान लावून बसला आणि खुदकन हसला.

मी त्याचा हात ओढायला लागले. गालिचा नाही, दिवा नाही, पोरं हुंदडतायत, कुणी मराठीत, कुणी कानडीत, कुणी तेलुगूत. मला माग कळले होते, शाळा अजून कळायची होती. मी बाईंना म्हणाले, माफ करा, चुकून आलाय, आम्ही असल्या शाळेतले नाही. मग उगाच त्याचं सगळं सांगितलं: बोलत नाही, एका जागी बसत नाही, बाईंकडं बघत नाही, नुसता भिंतीला कान लावतो.

बाईंनी रुद्रकडं नीट बघितलं. त्याच्यापुढं थोडे चिंचोके ओतले. तो कान न हलवता ते ओळीनं लावायला लागला.

"असू द्या की," बाई म्हणाल्या. "कान भिंतीचा, हात माझं. मला सध्या हात पुरत्यात."

मी तरी नाक मुरडूनच घरी आले. अश्विनीला मात्र सहज म्हणून सांगितलं, आणि ती दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याला तिथंच घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या, चांगलंच आहे की, तिथून हळूहळू पुढं जाऊ. आधी भिंतीला कान, मग भिंतीजवळ बसणं, मग मधल्या ओळीत. आता रुद्र पाचवीत आहे, साध्या शाळेत, मागांपासून लांब. बोलतो मोजकं, पण मुद्द्याचं. (सई त्याच्या वाटचंही बोलते.)

पण मला आठवते ती त्या पहिल्या आठवड्यातली संध्याकाळ. अश्विनी कामावरून आली, आणि दिवसभरात बालवाडीतून एकही फोन आला नव्हता. रुद्र चिंचोके घेऊन फरशीवर पडला होता. तिनं चहा ओतला, एक कप माझ्यापुढं सरकवला. मला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता, म्हणून मी कपातली साय बाजूला करत बसले. ती हसली. पुष्कळ दिवसांनी. आणि खालच्या मागांच्या खटाखटीतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पुण्याचं रद्द, आत्या. आन् सईच्या कॉलेजच्या वेळी तुमाला घेऊनच फिरायचं. तुमी जिथं नाक मुरडताल, तिथंच नाव घालू."