निरोगी म्हणणारं अ‍ॅप

वऱ्हाडातल्या आमच्या सोनाळ्याच्या स्टँडवर माझी पेटी एसटीत चढवून बाबा खिडकीपाशी आले आणि एवढंच म्हणाले, "तिथं कोनी गोड बोललं त लगेच सही करू नको." मी पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला निघाले होते. सह्या कसल्या, मला कळेना.

बाबांचा संशय जुना होता. मी लहान असताना बीटी कपाशीच्या बियाण्याची जीप गावात आली होती. टोप्या वाटल्या, पडद्यावर पांढरंशुभ्र शिवार दाखवलं, बोंडअळी आता विसरा म्हणाले. काही वर्षं आम्ही खरंच विसरलो. मग गुलाबी अळी आली. जीप काही परत आली नाही.

कॉलेजात दुसऱ्या वर्षी स्टार्टअपचं वारं शिरलं. नोकरी हवी म्हणणारा एकदम मागासलेला ठरू लागला. आम्ही गावाकडच्या मुली हे लांबूनच पाहायचो. आपटलो तर सावरणार कोण, हा प्रश्न फक्त आमच्याच खोलीत निघायचा. वर्गातल्या ईशाननं कपाशीच्या फोटोवरून रोग सांगणारं अ‍ॅप बनवलं आणि कॉलेजच्या स्टार्टअप स्पर्धेसाठी मला टीममध्ये घेतलं. "स्टेजवर तू बोल. आणि तुमच्याकडचं बोल, जजेसना आवडेल." ज्या बोलीला हीच मुलं पहिलं वर्षभर हसली होती, ती आता कामाची होती. माझ्याबरोबर गाव सोडलेल्यांनो, तुम्हालाही कुणी कधी असं पुढे उभं केलं असेल.

दिवाळीत फोन घेऊन शेतात गेले. एका हिरव्यागार बोंडाचा फोटो काढला. "निरोगी," अ‍ॅपनं सांगितलं. बाबांनी तेच बोंड तोडून बोटांनी फोडलं. आत गुलाबी अळी सरकी पोखरत बसली होती.

"फोटोले आतलं कसं दिसन, बाई?"

मी ईशानला सांगितलं. तो म्हणाला, "ते नंतर बघू, आधी जिंकू."

स्पर्धेच्या दिवशी माझी पाळी आली. मी माइक धरला आणि वऱ्हाडीतच म्हणाले, "आमच्या अ‍ॅपले बोंडातली अळी दिसत नाही. अजून कोन्या शेतकऱ्याले देऊ नका." सभागृह हसलं, त्यांना तो विनोद वाटला. ईशाननं माइक काढून घेतला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. पुढच्या वर्षी तेच अ‍ॅप जिंकलं. स्टेजवर दुसऱ्या कुठल्याशा गावची मुलगी होती.

आता मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. इथं घर झालं, शेजार झाला. बोलणंही इथलंच झालं. वर्षातून दोनदा सोनाळ्याला जाते. जेवणं झाली की ओसरीवर बाबा विचारतात, "तुमची कंपनी इकते तरी काय?" मी सोल्यूशन्स, प्लॅटफॉर्म असं काहीबाही सुरू करते. ते मान हलवत नाहीत, नुसते पाहत राहतात. मग मी थांबते, आणि पुन्हा पहिल्यापासून, खरं तेवढंच सांगू लागते. असं मला जगात फक्त त्या ओसरीवर करावं लागतं, म्हणून अजून तिलाच घर म्हणते.