खालच्या कप्प्यातली सफरचंदं

आमच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एका हिवाळ्यात काय झालं, हे आजवर कुणालाच माहीत नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो तर घरात असला की सारखा फ्रिज उघडून बघत असतो. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही जुबेदाभाभींना ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा एकटीनं वागवायचा कंटाळा आला, म्हणून.

आधी झाडांचं सांगते. तेवढं सोपं आहे.

लग्नानंतर नाशिकची शाळेतली नोकरी सोडून मी कुवेतला आले. अबू हलीफात फ्लॅट. नवरा सकाळी कंपनीच्या बसनं अहमदीला जायचा आणि मागे मी आणि एसीची घरघर. एक मनी प्लांट आणला. मग स्नेक प्लांट, फर्न, पीस लिली. इथल्या उन्हाळ्यात बाहेर काही टिकत नाही, त्यामुळे बाग सगळी घरातच — खिडकीपासून जरा आत, एसीचा झोत चुकवून. हळूहळू बिल्डिंगमध्ये माझं नाव झालं. शाळांना सुट्टी लागली की सगळे गावी निघतात. बंद घरात झाडं उकडून मरतात. आम्हाला तेव्हा रजा मिळत नसे, म्हणून ज्याची त्याची कुंडी आमच्या दारात यायची. वहिनी, तेवढं बघाल ना? मी बघायची. खरं सांगू? त्या दिवसांत मला वाटायचं, मी इथं कुणीतरी आहे.

मग खालच्या मजल्यावर जुबेदाभाभी राहायला आल्या. दापोलीकडच्या, माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, हसतमुख. माझा फर्न मान टाकत होता, तो सहज खाली घेऊन गेल्या आणि महिन्याभरात झुपकेदार करून परत आणला. काय केलंत, विचारलं, तर म्हणाल्या, "काय नाय वैनी, जरा न्हाणीत ठेवला." पुढच्या सुट्टीत कुंड्या त्यांच्या दारात गेल्या. लोकांचा एक जिना चढायचाही वाचला! मी हसून म्हणाले, बरं झालं, माझा व्याप कमी झाला. आतून जळत होते. हो, जळतच होते — दुसरा शब्द कशाला शोधू?

एकच गोष्ट माझी उरली होती. ट्युलिप.

ट्युलिपचे कंद दिसायला कांद्यासारखे. त्यांना फुलायच्या आधी कडक थंडी लागते आणि कुवेतची थंडी पुरत नाही. म्हणून ऑक्टोबरात कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवायचे, डिसेंबरात कुंडीत लावायचे. फेब्रुवारीत फूल येतं. फक्त एक पथ्य — त्यांच्याजवळ फळं ठेवायची नाहीत, सफरचंदं तर मुळीच नाहीत. पिकत्या फळाची हवा लागली की कंदाच्या पोटातली कळी जळते. वरून काही कळत नाही. कंद टणक राहतो, पानंही हिरवीगार येतात. फूल तेवढं येत नाही. पहिल्या वर्षी मी हे चटका बसून शिकले. नंतर बिल्डिंगभर सांगत फिरायचे.

भाभींना सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी त्यांच्या नवऱ्याची नोकरी संपली. मार्चमध्ये कायमचं गावी जायचं ठरलं. जाण्याआधी एकदा आपल्या हातानं ट्युलिप फुलवायचा, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला. आणि त्यामागे आणखी काही होतं. गावी रस्त्याकडेला घर होतं, मोठं अंगण होतं, तिथं त्यांना रोपांची नर्सरी टाकायची होती. हे फूल आलं तर मला काय पण जमेल, असं म्हणायच्या. कंद आणून माझ्याकडेच दिले. त्यांचा फ्रिज मासळीनं गच्च भरलेला असायचा. "तुमच्या फ्रिजात ठेवा, वैनी. तुमच्याकडं नीट राहतील."

मी ते माझ्या कंदांशेजारी ठेवले. काही दिवसांनी नवऱ्यानं सफरचंदं आणली आणि त्याच कप्प्यात टाकली. त्याला काय माहीत? मी कप्पा उघडला, बघितलं — आणि उभी राहिले. कितीतरी वेळ दार उघडं धरून. मग माझी पिशवी उचलून वरच्या फळीवर ठेवली, दुसऱ्या कोपऱ्यात. त्यांची तिथंच राहू दिली.

इथं थांबता आलं असतं, तर मी म्हटलं असतं, विसरले. पण ती सफरचंदं संपली तेव्हा बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, दुसरी मीच आणली. आणि मीच, माझ्या हातानं, त्यांच्या पिशवीवर ठेवली.

डिसेंबरात आम्ही दोघींनी मिळून कुंड्या भरल्या. भाभी प्रत्येक कंद लावताना बिस्मिल्ला म्हणत होत्या. मी माती दाबत होते. जानेवारीत त्यांच्या कुंड्यांत पानं आली तेव्हा शेवयांची खीर घेऊन वर आल्या. मी ती खाल्ली. गोड लागली.

फेब्रुवारीत माझ्या खिडकीत लाल फुलं उघडली. त्यांच्याकडे पानंच. त्या रोज वर येऊन माझी फुलं बघायच्या, मग खाली जाऊन पानांच्या आत बोट घालून चाचपायच्या. शेवटी एक दिवस म्हणाल्या, "तुमच्याच फ्रिजातले, तुमच्याच मातीतले. म्हंजे माझ्या हाताचाच गुण गेला, वैनी." तेव्हा तरी बोलायचं होतं. तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, होतं असं कधीकधी.

जाताना त्यांच्या सगळ्या कुंड्या मला दिल्या. सुट्टीतल्या कुंड्या पुन्हा आमच्या दारात येऊ लागल्या. बायका म्हणतात, तुमच्या हातात जादू आहे. मी नाही म्हणत नाही.

मध्यंतरी भाभींनी गावाहून व्हिडिओ पाठवला. अंगणभर फरशी घातलीय, चकचकीत. मोबाइल फिरवत त्या सांगत होत्या, नर्सरीचं खूळ डोक्यातनं काढलं, आता कुंडी नाय, माती नाय, झाडू मारला की झालं. कुठंही हिरवं पान दिसलं नाही. मी लिहिलं, छान दिसतंय.

परवा मी नवे कंद फ्रिजमध्ये ठेवले. आमच्याकडे सफरचंदं आता टेबलावरच असतात. नवऱ्याला वाटतं, शोभेसाठी. भाभींचा नंबर फोनमध्ये वरतीच आहे. दर शुक्रवारी बोलतो आम्ही. कालही बोललो. भाभींनी विचारलं, यंदा लावलेत का हो ट्युलिप? मी म्हणाले, नाही भाभी, सोडून दिलं मीही.