खारी भिंत

पन्नास सालच्या आसपास बाळकुमच्या आमच्या घराची डागडुजी करायला येणारे एक म्हातारे गवंडी आधी भिंत चाखायचे. विटेचा भुगा चिमटीत घेऊन जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि मगच थापीला हात लावायचे. पुढची हातभर जाडीची जुनी भिंत चाखली, की दर वेळी म्हणायचे, "गोड हाय."

मागची पडवी आजोबांनी नंतर बांधून घेतलेली. तिच्या विटा लोणा लागून, म्हणजे खार फुटून, झडत होत्या, आणि वडील त्याबद्दल वर्षानुवर्षं भट्टीवाल्याला नावं ठेवत आले होते. शेवटी ती भिंत पाडून नवी बांधायचं ठरलं, त्या दिवशी गवंड्यांनी ती पहिल्यांदाच चाखली आणि थापी खाली ठेवली.

"भट्टीवाल्याला बोलू नका, मास्तर. ईट चांगली होती. ही भिंत मीच बांदलेली. घाईत खाडीची खारी रेती धुतलीच नाय."

भिंत कुणी बांधली हे ठाऊक असलेले आजोबा कधीच गेले होते. गवंडी बोलले नसते तर कुणाला कळलंही नसतं.

नव्या भिंतीसाठी त्यांनी रेती विहिरीच्या पाण्यानं तीनदा धुतली, चाखली, आणि चिमूटभर वडिलांपुढे धरली.

"आता तुमी चाखा."

वडील परक्याच्या हातचं पाणीसुद्धा पीत नसत. त्यांनी ती चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.