सकाळीच फाडलेलं परतीचं तिकीट

फोन आला तेव्हा मी चंद्रपुरात दारात बसून शेंगा सोलत होतो. "काका, बाबा गेले," रामटेकेची सुमन म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, माझाच गेला... देवाजी रामटेके कंडक्टर आणि मी ड्रायव्हर. रात्री मुलचेऱ्याला थांबून सकाळी चंद्रपूरला निघणाऱ्या मुक्कामी एसटीवर आम्ही अकरा वर्षं संसार केला, असं त्याची बायको कौसल्याबाई चिडवायची. बडबड्या मी, घुम्या तो.

गडचिरोली जिल्हा नुकता वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. मूलबाळ नव्हतं म्हणून दोघांनी चंद्रपूरच्या बालगृहातून पाच वर्षांची सुमन मुलचेऱ्याला आणली. आधी सांभाळायची, मग कोर्टाने परवानगी दिली की दत्तक. त्याआधी दोन घरांनी तिला नेऊन परत सोडलं होतं, दोन्ही वेळा बसनेच. त्यामुळे पोर गाठोडं सोडेना. दारामागच्या खिळ्याला ते बांधलेलंच लटकायचं. सकाळी आमची गाडी सुरू झाली की चपला घालून, गाठोडं मांडीवर घेऊन ती उंबऱ्यावर बसायची. "मले कवा नेऊन सोडता?" विचारायची, रडायची मात्र नाही. ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

समजूत घालणं रामटेकेच्या स्वभावात नव्हतं. दर रविवारी तो तिला गाडीत घेऊ लागला; सकाळी चंद्रपूर, संध्याकाळी परत. आणि एरवी नियमावर बोट ठेवणारा हा माणूस सकाळीच दोन हाफ तिकिटं फाडून, जायचं आणि यायचं, तिच्या मुठीत द्यायचा. मी उखडलो. "अबे, संध्याकाळचं तिकीट आत्ताच काऊन फाडून राह्यला? चेकर चढला त नोकरी जाईल नं!"

"जाऊ दे. तिच्या हातात दिसलं पाह्यजे."

कोर्टाच्या तारखेला सुमन गाठोडं घेऊनच गाडीत चढली. ते पाहून कौसल्याबाईने तोंड खिडकीकडे फिरवलं. खोटं कशाला सांगू, मीही घाबरलो होतो. न्यायाधीश पोरीला विचारणार, आणि ती गप्प राहिली तर? मी दारातून बघत होतो. साहेबांनी विचारलं, "बाळ, यांच्याकडे राहायचं का?" सुमन बोलेना. पुन्हा विचारलं. रामटेकेचा सदरा घामाने भिजला... मग तिने मूठ उघडून, रामटेकेने त्या दिवशीही सकाळीच दिलेलं परतीचं चुरगळलेलं तिकीट टेबलावर ठेवलं.

"संध्याकाळची गाडी हाये आमची," ती म्हणाली. "उशीर होऊन राह्यला."

त्या दिवशी घरी आल्यावर गाठोडं सुटलं. दोन फ्रॉक आणि एक फुटका कंगवा, इतकंच होतं त्यात. रिकाम्या खिळ्यावर रामटेकेने आपली चामड्याची बॅग टांगली.

परवा काठी टेकत मुलचेऱ्याला जाऊन आलो. बॅग तिथेच आहे. सुमन आता तिथल्या शाळेत बाई आहे, तिचेच केस पिकायला लागलेत. मी निघालो तशी ती दारात येऊन उभी राहिली. "रविवारी येतो," मी म्हटलं. पण नुसत्या शब्दाचं काय? मागे वळलो, माझी काठी त्या खिळ्याला बॅगेशेजारी अडकवली आणि लंगडत स्टँडवर गेलो.